वेशीवरची दाट वसाहत: सुनावणीला जाण्याआधी आराखडा कसा तपासायचा

शहराच्या वेशीवरच्या मोकळ्या जमिनीवर घरं, दुकानं आणि कचेऱ्या एकत्र असलेली दाट वसाहत येणार म्हटलं की लगेच दोन तट पडतात. सुनावणीत एक जण उठून म्हणतो, भागाचं वाटोळं होईल. दुसरा विचारतो, घरं बांधू द्यायची नाहीत तर पुढच्या पिढीनं राहायचं कुठे? टाळ्या दोघांनाही पडतात आणि इतिवृत्तात एकच ओळ उमटते: 'काही नागरिकांनी विरोध केला, काहींनी पाठिंबा दिला.' अधिकाऱ्याला त्या ओळीचं काहीही करता येत नाही. पान, आकडा आणि नेमका हवा असलेला बदल ज्या सूचनेत असतो, तिला मात्र नेमकं उत्तर देता येतं. तशी सूचना तयार कशी करायची, ते पुढे दिलं आहे. तुम्ही बाजूने असा वा विरोधात, तपासणी तीच.

आधी सहा कागद मिळवा: ले-आउटचा नकाशा, वापरानुसार क्षेत्रफळाचा तक्ता, वाहतूक अभ्यास, पावसाच्या पाण्याचा अहवाल, टप्प्यांचं वेळापत्रक, आणि त्या जमिनीवर आजच्या नियमांनुसार काय बांधता येतं याची नोंद. सहावा कागद बहुतेक जण मागतच नाहीत, आणि सगळा वाद खरं तर त्याच्यावरच उभा असतो. आजच्या नियमांत तिथे सुट्या प्लॉटवर बंगले बांधायला परवानगी असेल, तर नव्या प्रस्तावाची तुलना त्या बंगल्यांशी करायची, हिरव्यागार शेताशी नाही. उलट, परवानगी नाकारल्यावर शेत खरोखर शेतच राहणार असेल, तर 'नाहीतर इथे बंगले पसरतील' हा समर्थकांचा धाक पोकळ ठरतो. आपण कशाशी तुलना करतोय हे निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.

समजा, जागा ४० हेक्टर आणि घरं १,६००. पुढची सगळी गणितं याच उदाहरणावर केली आहेत. तुमच्या प्रस्तावाचे आकडे त्याच जागी घाला.

घनता

४० हेक्टरवर १,६०० घरं म्हणजे हेक्टरी ४०. ही झाली ढोबळ घनता. रस्ते, बागा, शाळेची जागा आणि पाण्याचं तळं यांत १६ हेक्टर गेले की घरांसाठी २४ उरतात आणि घनता हेक्टरी ६७ वर जाते. ही निव्वळ घनता. विकासक ४० सांगतो, विरोधक ६७ सांगतात, आणि खोटं कोणीच बोलत नसतं. शेजारच्या वस्तीशी तुलना करताना दोन्हीकडे एकच माप लावलंय ना, एवढं बघा. अहवालात इकडची निव्वळ आणि तिकडची ढोबळ घनता शेजारी-शेजारी छापलेली आढळली, तर तीच तुमची पहिली हरकत.

एफएसआय म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम, तो आकडा. त्यावरून इमारत कशी दिसेल हे कळत नाही. १.५ एफएसआय म्हणजे अर्ध्या प्लॉटवर तीन मजले, किंवा पाव प्लॉटवर सहा मजले. त्यामुळे उंची आणि तळमजल्याने व्यापलेली जागा यांच्या मर्यादा वेगवेगळ्या लिहून मागा.

चालण्याचं अंतर: वर्तुळावर विश्वास ठेवू नका

सादरीकरणात मधल्या चौकाभोवती ४०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलेलं असतं आणि खाली लिहिलेलं असतं, 'पाच मिनिटांच्या अंतरावर सगळं'. मिनिटाला ८० मीटर हा चालण्याचा वेग धरला तर ४०० मीटरला पाच मिनिटं लागतात, हे बरोबर आहे. पण माणूस त्रिज्येवरून चालत नाही, रस्त्यावरून चालतो. वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे ५० हेक्टर भरतं. सरळ काटकोनी रस्त्यांचं जाळं असेल तर पाच मिनिटांत त्यातला ३२ हेक्टरचाच भाग गाठता येतो, म्हणजे जेमतेम ६४ टक्के. आणि ही झाली चांगल्या ले-आउटची गोष्ट. बंद गल्ल्या, कुंपणभिंती आणि एकच प्रवेशद्वार असेल तर आकडा निम्म्याच्याही खाली येतो. असल्या ले-आउटला चालण्याजोगी वसाहत म्हणणं ही जाहिरात झाली.

मोजायला सोपं आहे. नकाशा त्याच्या प्रमाणात छापून घ्या, चौकातून प्रत्येक रस्त्याने ४०० मीटर भरेल एवढा दोरा धरा, टोकांवर खुणा करा आणि त्या जोडा. आतल्या आकाराचं क्षेत्रफळ काढा आणि त्याला ५० ने भागा. गुणोत्तर ०.६ च्या आसपास असेल तर ठीक. ०.४ आलं तर नेमकी कोणती पायवाट उघडली की ते वाढेल, ते नकाशावर दाखवून मागा. सगळ्या सूचनांत मान्य व्हायला ही सर्वांत सोपी, कारण दोन भूखंडांमधून तीन मीटरची वाट सोडायला विकासकाला फारसा खर्च येत नाही.

रस्त्यांनी वेढलेल्या भूखंडगटाची एक बाजू ८० ते १२० मीटर असावी. १०० मीटरची जाळी असेल तर चौरस किलोमीटरमागे सुमारे १०० चौक मिळतात. बाजू २५० मीटरवर गेली की चौक १६ उरतात आणि समोर दिसणाऱ्या दुकानात जायलाही गाडी काढावी लागते.

वेशीवरच्या जागेत आणखी एक गोष्ट हमखास बिघडते. आतले रस्ते हद्दीच्या अलीकडेच संपवले जातात. दहा वर्षांनी पलीकडच्या शेतावर दुसरी वसाहत येते, दोघींमध्ये भिंत उभी राहते आणि सगळ्या गाड्या बाहेरच्या एकाच हमरस्त्यावर येतात. म्हणून निदान दर २०० मीटरला एक रस्ता हद्दीपर्यंत नेलेला आणि सार्वजनिक मालकीचा असावा, अशी मागणी करा. 'सार्वजनिक' हा शब्द सोडू नका. खासगी रस्त्यावर गेट बसायला वेळ लागत नाही.

खालचे गाळे ओस का पडतात

मिश्र वापराच्या प्रस्तावात चित्रं सर्वांत सुंदर असतात ती खालच्या दुकानांची, आणि अपयश सर्वांत जास्त येतं तेही तिथेच. कारण साधं आहे: दुकानाला गिऱ्हाईक लागतं आणि सुरुवातीची काही वर्षं वसाहत अर्धी रिकामी असते.

हिशोब असा करा. एका किराणा दुकानाला तगून राहायला ३०० घरांच्या महिन्याच्या संपूर्ण वाणसामानाइतकी विक्री लागते असं धरा. पण घरं सगळी खरेदी कोपऱ्यावरच्या दुकानात करत नाहीत. चौथा हिस्सा तिथे केला तर ३०० ला ४ ने गुणून १,२०० घरं लागतील. १,६०० घरांच्या वसाहतीत असं एक दुकान नीट चालेल, दुसरं रखडेल. प्रस्तावात प्रत्येक इमारतीखाली गाळे सक्तीचे असतील तर शटरं बंद राहणार, हे आजच सांगता येतं. ३०० आणि चौथा हिस्सा हे आकडे इथे धरून चालले आहेत. विकासकाच्या बाजार-अभ्यासात खरे आकडे असायला हवेत. अभ्यासच नसेल तर तो मागा.

यावर उपाय तीन. पहिला, दुकानांची रांग वसाहतीच्या पोटात न ठेवता, आधीच वर्दळ असलेल्या रस्त्याला लागून ठेवायची, म्हणजे आतल्या रहिवाशांसोबत येणारे-जाणारेही गिऱ्हाईक होतात. नियोजनकारांना हे रुचत नाही, कारण त्यांना मधला चौक सजवायचा असतो. पण दुकानदाराला विचारलं तर तो हेच सांगेल. दुसरा, सक्ती फक्त मुख्य रस्त्याच्या दोनेकशे मीटरच्या पट्ट्यापुरती ठेवायची. तिसरा, उरलेल्या इमारतींत तळमजल्याची उंची ४.२ ते ४.५ मीटर ठेवायची आणि आज तिथे घर किंवा कचेरी, उद्या दुकान, अशी दोन्हींची मुभा आधीच लिहून घ्यायची. तीन मीटर उंचीच्या तळमजल्याचं पुढे दुकान करणं अवघड जातं. छत खाली घेऊन वायुवीजनाचे पाइप न्यायला जागाच उरत नाही.

मोठा मॉल घुसवला जातोय का, तेही बघा. कोपनहेगनच्या ओरेस्टॅड या नव्या भागात २००४ साली 'फील्ड्स' हा प्रचंड मॉल उघडला आणि आसपासच्या रस्त्यांवरची वर्दळ त्याने आत ओढून घेतली, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे. मिश्र वापर कागदावर पूर्ण झाला, रस्त्यावर आलाच नाही.

बस

दाट वस्ती झाली की बस आपोआप येते, हा समर्थकांचा लाडका गैरसमज. पुश्कारेव्ह आणि झुपान या वाहतूक-अभ्यासकांनी १९७७ मध्ये अमेरिकेसाठी मांडलेले उंबरठे आजही वापरले जातात: दर अर्ध्या तासाला बस हवी तर एकरी ७ घरं, दर दहा मिनिटांनी हवी तर १५. म्हणजे हेक्टरी साधारण १७ आणि ३७. आपली हेक्टरी ४० ची वसाहत या परीक्षेत पास होते. पण बस फायद्यात चालायची तर वसाहत दोन गर्दीच्या ठिकाणांमधल्या वाटेवर असावी लागते. फाट्यावरून आत तीन किलोमीटर जाऊन परत फिरायचं असेल तर बाकीच्या प्रवाशांची दहा-बारा मिनिटं वाया जातात, आणि तोटा झाला की पहिल्यांदा बंद पडतो तो हाच फाटा.

किती गाड्या लागतील ते स्वतः काढा: जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेला लागोपाठच्या बसगाड्यांमधल्या मिनिटांनी भागा. ६० मिनिटांच्या फेरीला दर १५ मिनिटांनी बस हवी तर ४ गाड्या आणि एक राखीव. दर १० मिनिटांनी हवी तर ६ आणि एक राखीव. मग विचारा, पहिली पाच वर्षं, अर्ध्या रिकाम्या वसाहतीत, या गाड्यांचा खर्च कोण करणार? उत्तर 'पुढे बघू' असेल तर बस नाही, असंच समजा. पहिल्या दिवसापासून बस नसली तर येणारं प्रत्येक घर गाडी घेऊन येतं, आणि एकदा घेतलेली गाडी नंतर बस आली म्हणून कोणी विकत नाही.

जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराचं फाउबान हे उपनगर कमी गाड्यांच्या दाट वसाहतीचं उदाहरण म्हणून नेहमी दिलं जातं. द्यावंच, पण पुरतं द्यावं. फ्रेंच सैन्य १९९२ मध्ये निघून गेल्यावर त्याच्या छावणीच्या जागेवर ते उभं राहिलं, आणि ट्राम तिथवर पोचली २००६ मध्ये. तोवर बस होती, आणि शहराच्या मध्यापासून ते फार लांबही नाही. वीस किलोमीटरवरच्या माळाला फाउबान म्हटल्याने काही होत नाही.

वाहतूक अभ्यासातली हातचलाखी

अमेरिकन मोजणीत सुट्या बंगल्यामागे संध्याकाळच्या गर्दीच्या तासात सुमारे एक वाहनफेरी धरतात. मध्यम उंचीच्या इमारतींतल्या फ्लॅटला साधारण त्याच्या निम्मी. आपल्या मिश्र घरांना ०.६ धरूया: १,६०० × ०.६ = ९६० फेऱ्या. दुकानं-कचेऱ्या जवळच असल्याने काही फेऱ्या आतल्या आत संपतात, म्हणून अभ्यासक त्यातून, समजा, २५ टक्के वजा करतो. उरल्या ७२०. त्यातल्या निम्म्या एकाच सिग्नलकडे गेल्या तर ३६०. सिग्नलच्या एका लेनमधून पूर्ण तासभर हिरवा असेल तर आदर्श स्थितीत सुमारे १,९०० गाड्या जातात. हिरवा ४० टक्के वेळ असेल तर ७६०. म्हणजे ही वसाहत त्या लेनची जवळपास निम्मी क्षमता खाणार. आज ती लेन ८० टक्के भरलेली असेल तर कोंडी ठरलेली, आणि ३० टक्के भरलेली असेल तर 'रस्ते तुंबतील' ही ओरड टिकणार नाही.

आता अहवालात चार ठिकाणी बोट ठेवा. मोजणी सुट्टीच्या दिवसांत झाली का? आसपास आधीच मंजूर झालेल्या इतर प्रकल्पांच्या गाड्या धरल्या आहेत का? हिशोब कोणत्या वर्षाचा, लोक राहायला यायच्या वर्षाचा की आजचा? आणि सर्वांत महत्त्वाचं, ती २५ टक्के वजावट पहिल्या टप्प्यालाही लावली आहे का? पहिल्या टप्प्यात दुकानंच नसतात. चहाची पूडसुद्धा बाहेरून आणावी लागते. तेव्हा वजावट शून्य धरून टप्प्याटप्प्याचा तक्ता मागा.

पार्किंगचं गणितही इथेच उरकून घ्या. येण्या-जाण्याच्या वाटेसकट एका गाडीला २५ ते ३० चौरस मीटर जागा लागते. घरामागे दीड गाडी धरली तर २,४०० जागा, आणि २८ चौ.मी.ने ६.७ हेक्टर. बांधण्याजोग्या २४ हेक्टरांतला चौथ्याहून जास्त भाग. घरामागे पाऊण गाडी धरली तर तेच ३.४ हेक्टर होतात. म्हणून 'घनता कमी करा आणि पार्किंग वाढवा' या दोन मागण्या एका दमात करणाऱ्याला बागेची जागा कमी झालेली चालणार आहे का, हे विचारावं. शेजाऱ्यांची खरी तक्रार वेगळी असते आणि रास्त असते: आत जागा पुरली नाही की गाड्या आमच्या गल्लीत लागतील. त्यावर उपाय म्हणजे शेजारच्या गल्ल्यांत तिथल्याच रहिवाशांना गाडी लावू देणारे परवाने, आणि तेही पहिल्या घराचा ताबा देण्याआधी.

पाणी

इथे दोन्ही बाजू एकाच वेळी बरोबर असतात, त्यामुळे वादही इथेच सर्वांत जास्त चिघळतो. ताशी वाहून जाणारं पाणी घनमीटरमध्ये = वाहणुकीचा गुणांक × पाऊस (मिमी प्रति तास) × हेक्टर × १०. गुणांक म्हणजे पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा. शेताचा गुणांक ०.३, दाट वसाहतीचा ०.७ आणि पाऊस तासाला ५० मिमी धरा. ४० हेक्टरवरून आज ६,००० घनमीटर वाहतात, उद्या १४,००० वाहतील. जादा ८,०००. तेच १,६०० बंगले १६० हेक्टरवर पसरले आणि तिथला गुणांक ०.४५ झाला, तर २४,००० चे ३६,००० होतात, म्हणजे जादा १२,०००. एकूण पाणलोटाचा विचार केला तर दाट वसाहत बरी. पण त्या एका ओढ्याच्या काठावर राहणाऱ्याला एकूण पाणलोटाशी काय देणंघेणं? त्याच्या ओढ्यात पाणी दुपटीहून जास्त येणार.

म्हणून साठवण मागा, आणि आकड्यात मागा. एक तासाचे जादा ८,००० घनमीटर धरून ठेवायला सरासरी एक मीटर खोलीचं तळं ०.८ हेक्टरचं हवं. पाऊस जास्त वेळ चालणार असेल तर त्याहून मोठं. नकाशावर ते दिसतं का? बागेच्या क्षेत्रफळातही तेच तळं धरलंय का? एकच जागा दोन तक्त्यांत मोजणं फार सर्रास चालतं. आणि गाळ कोण काढणार, किती वर्षांनी, कोणाच्या पैशाने, हे लिहिलेलं नसेल तर चार-पाच पावसाळ्यांत तळं उथळ होतं आणि सगळा हिशोब कागदावरच राहतो.

उंचीबद्दल थोडक्यात. सावलीची लांबी म्हणजे इमारतीची उंची भागिले सूर्याच्या कोनाचा टॅन्जंट. १५ मीटरच्या इमारतीची सावली सूर्य ३० अंशांवर असताना २६ मीटर पडते. शेजारची घरं त्या अंतरात येत असतील तर हद्दीला लागून दोन मजले आणि पुढे पायरीपायरीने वाढ, अशी मागणी करा. 'भागाच्या स्वभावाला शोभत नाही' असं लिहिण्यापेक्षा याचा उपयोग होतो.

अट कशी लिहायची

तपासणीतून जे निघालं ते अटींच्या भाषेत द्या. मंजुरीपत्रात नेहमी दिसते ती कमजोर अट अशी: 'विकासकाने शक्य तितक्या लवकर बससेवेसाठी प्रयत्न करावेत.' ही मोडता येतच नाही, म्हणून पाळावीही लागत नाही. तीच अशी लिहा: '४००व्या घराला राहण्याचा दाखला देण्यापूर्वी मुख्य चौकातील बसथांबा बांधून पूर्ण असावा आणि सकाळी ७ ते रात्री ९ दर १५ मिनिटांनी बस सुरू झालेली असावी. १,२०० घरांना दाखले मिळेपर्यंत या सेवेचा तोटा विकासकाने भरावा व त्यासाठी बँक गॅरंटी आधी जमा करावी. पूर्तता न झाल्यास ४००च्या पुढचे दाखले थांबवावेत.'

काय, किती, केव्हा, कोणाच्या पैशाने आणि नाहीतर काय, ही पाच उत्तरं प्रत्येक अटीत हवीत. 'केव्हा'ला तारीख देऊ नका, घरांचा आकडा द्या. मंदी आली की तारखा पुढे ढकलल्या जातात, आणि विकासकाचीही त्यात खरी अडचण असते. घरांचा आकडा मात्र विक्रीबरोबर आपोआप पुढे सरकतो. दुकानं, शाळेची जागा, तळं आणि हद्दीपर्यंतचे रस्ते, सगळ्यांना असेच आकडे लावा. शाळा १,६००व्या घराला बांधलेली असण्यात अर्थ नाही, कारण शेवटची शंभर घरं कधीच न बांधणं विकासकाच्या हातात असतं.

सुनावणीच्या दिवशी

निवेदन मुदतीच्या आत लेखी द्या आणि पोच घ्या. शंभर जणांनी एकाच मजकुरावर सह्या करण्यापेक्षा दहा जणांनी एकेक विषय वाटून घेणं चांगलं: एकानं पाणी, एकानं बस, एकानं गाळे. तीन मिनिटांत सावकाश बोललं तर साडेतीनशे शब्द होतात. त्यात एकच मुद्दा मांडा: अहवालाचं पान, तिथला आकडा, तो चुकीचा किंवा अपुरा का, आणि हवी असलेली अट शब्दशः. नवीन रहिवासी कसले असतील यावर कोणी घसरला तर त्याला आपल्याच बाजूच्यांनी थांबवावं. त्या एका वाक्याने बाकीच्या नऊ जणांच्या आकडेमोडीवर पाणी पडतं.

निर्णय झाल्यावर मंजुरीपत्राची प्रत काढा आणि तुमच्या अटींचे शब्द बदलले आहेत का, ते ओळीने ताडा. 'बांधून पूर्ण असावा'चं 'प्रस्तावित असावा' झालेलं असतं. त्यानंतर लक्ष ठेवायचं ते 'किरकोळ बदल' या नावाखाली येणाऱ्या सुधारित नकाशांवर. सुनावणीत लढून मिळवलेली तीन मीटरची पायवाट बहुधा तिथेच नाहीशी होते, कारण त्या बदलाला पुन्हा सुनावणी लागत नाही. प्रत्येक सुधारित नकाशा जुन्यावर ठेवून बघायला एक माणूस नेमा, आणि ३५०वं घर विकलं गेलं की बसथांब्याचं काम कुठवर आलं याची लेखी विचारणा करा.